दुपारी थांबणारा पट्टा

संत्रा सोलला की वरूडची पॅकिंग शेड आठवते. आई लोकांच्या वावरात निंदायला जायची. घरातला पहिला पदवीधर मी, तिथे सुपरवायझर झालो. दुपारी डोळे थकले की सरकत्या पट्ट्यावरची सडकी फळं निवडणाऱ्या बायांच्या नजरेतून सुटायची, म्हणून मी मालकांकडून त्यांना मधली सुटी मिळवून दिली. कामही लवकर उरकू लागलं. मालक खूश झाले, "लवकर होऊन राह्यलं न? मंग अर्ध्या बाया कमी कर!" सुटीही गेली. माझीच युक्ती त्यांनी माझ्याच माणसांवर उलटवली. निघताना एक मावशी म्हणाली, "काहून रे पोरा, आराम देतो म्हणे, अन् घरीच बसवलं आमाले?" पुढे सडक्या फळांच्या पेट्यांचे ट्रक परत येऊ लागले आणि मीही नोकरी सोडली. आज माझी स्वतःची शेड आहे. तीच मावशी तिथे फळं निवडते, आणि दुपारी पट्टा थांबतो.