बांधावरचा मोगली एरंड

लग्न होऊन परंड्याकडं आले, तेव्हा आमच्या बांधावर नुसत्या करड्या काठ्या उभ्या दिसल्या.

"आत्या, हे सरपण असं उभं का ठेवलंय?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी एका काठीची साल नखानं खरवडली. आत हिरवंगार!

"मोगली एरंड हाय ह्यो. उन्हाळ्यात पानं टाकतो, पर मरत न्हाय."

पुढं मला तो ओळखता यायला लागला. पान साध्या एरंडापेक्षा कमी फाटलेलं. देठ मोडला की चीक येतो, पोरं त्याचे फुगे उडवतात. बी मात्र खाऊ नये, ओकाऱ्या लागतात. लावायला सोपा, उन्हाळ्यात हातभर फांद्या तोडून रोवायच्या. शेळी त्याला तोंड लावत नाही.

सासूबाई त्याला जिवापाड जपायच्या. वाटणीत त्यांचा पुतण्या, म्हणजे माझे चुलत दीर, आणि आमच्यामध्ये दगड रोवलाच नव्हता. ही ओळ हीच हद्द. सासरे गेल्यावर ती राखणं त्यांच्याच अंगावर आलेलं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी खडी फोडायला जायचो. एकदा परत येऊन बघतो तर बांध बोडका! भाऊजींनी सगळं कुंपण कोयत्यानं तोडलं होतं. वर माती ओढून बांध आमच्या रानात सरकवला होता. जमीन दगडासारखी, बैल छावणीत. मुळं खणायचे कष्ट कोण घेणार? ती मातीखाली तशीच राहिली.

"काकू, वाळलंच व्हतं सगळं. म्या शेळ्यांना वाडा केला त्याचा," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. सासूबाई घरी येऊन पदरात तोंड घालून रडल्या. मला त्या माणसाचा इतका राग कधीच आला नव्हता.

पुढच्या साली पाऊस झाला. भाऊजींच्या बाजरीत मोगली एरंडाचे कोंब वर आले, सरळ एका ओळीत, जुन्या हद्दीवर. आणि त्यांच्या अंगणात शेळ्यांच्या वाड्याला पानं फुटली.

सासूबाईंनी सोसायटीच्या चेअरमनना बोलावून आधी रान दाखवलं, मग अंगण.

"वाळलं व्हतं न्हवं, बाबा?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

चेअरमननी बांध मागं घ्यायला सांगितला. ओळीत जिथं जिथं खंड पडला होता, तिथं लावायला फांद्या सासूबाईंनी त्या वाड्यातूनच तोडून आणल्या, आणि खड्डे भाऊजींकडून खणून घेतले.