परीक्षेच्या सकाळी रुसलेली गाडी

शिंपीमास्तरांना वाकडं काही बघवत नसे. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की आधी त्याची कॉलर सारखी करायची, मग ख्यालीखुशाली विचारायची. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत सगळे समोर बघताहेत, आणि मास्तर तेवढे नवरीच्या बाहीवरच्या सुरकुतीकडे.

तीच नवरी आज, केस पिकायला लागल्यावर, गाडी चालवायच्या परीक्षेला निघाली होती. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. गावाबाहेरच्या नव्या दवाखान्यात तिला मुख्य नर्सची जागा मिळत होती. पण पहाटे तिकडे बस नाही. लायसन्स आणलं तर जागा तिची, नाहीतर दुसरीची. परीक्षेला गाडी आपलीच न्यायची होती. गाडी तिच्या वडिलांची, वयस्कर, पण काल संध्याकाळपर्यंत गुणी पोरीसारखी वागलेली.

आज किल्ली फिरवताच ती खोकली, थरथरली, मागून फाडकन बार काढला आणि गप्प झाली.

"घाबरली असेल," मास्तर म्हणाले.

"परीक्षा माझी आहे. तिला काय झालं घाबरायला?"

शेजारचे मेकॅनिक गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आले. त्यांनी बॅटरी बघितली, ठणठणीत. पेट्रोल येत होतं. चारही प्लग काढून पाहिले, प्रत्येकावर ठिणगी पडत होती. पुन्हा किल्ली, पुन्हा बार. समोरच्या आजींनी धाडकन खिडकी लावून घेतली.

"सगळं जागच्या जागी आहे, वहिनी, आणि गाडी मात्र चालत नाही," म्हणत मेकॅनिकनी डोकं खाजवलं, तसा साबण कपाळावर गेला. मास्तरांनी तो हळूच पुसला.

बायको गाडीतून उतरली. वॉर्डात रडणारं मूल आलं की ती मुलाच्या आधी आईची उलटतपासणी घेते. तोच आवाज तिने लावला.

"काल बरी होती. मधे काय वेगळं झालं?"

"काही नाही गं. मी नुसती पुसली."

"इंजिनात पाणी गेलं?" मेकॅनिकनी विचारलं.

"छे! बॉनेटखाली कोरडंच फडकं. आणि त्या वायरी जरा..."

"जरा काय, अहो?"

"अगं, किती गबाळ्या! एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी बॉनेट उघडलं असतं तर आपली काय शोभा? काढल्या आणि सरळ ओळीत लावल्या. बघ ना, शिवण मारल्यासारख्या दिसतात."

मेकॅनिकनी बघितलं. प्लग काढताना त्यांनी मनातल्या मनात या वायरींचं कौतुकही केलं होतं. आता त्यांनी साबणाचा हात कपाळावर मारला.

"मास्तर, या वायरी सरळ नसतातच! ही सगळ्या वायरी निघतात ती टोपी, हिच्यातून प्लगना पाळीपाळीने करंट जातो. पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. म्हणून त्या एकमेकींवरून जातात. तुम्ही दोघींची अदलाबदल केलीत. ठिणगी पडते, पण भलत्याच वेळी."

मास्तर अजून वायरींच्या सरळ ओळीकडेच बघत होते. मग बायकोच म्हणाली, "एक बटण चुकीच्या काजात गेलं तर हो?"

मास्तरांचा हात स्वतःच्या बटणांकडे गेला. "अरे देवा! अख्खा शर्ट गेला की!"

मेकॅनिकनी वायरी पुन्हा गबाळ्या केल्या. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. किल्ली फिरली आणि गाडी एका दमात सुरू झाली. मेकॅनिक तसेच साबणासकट शेजारी बसले आणि दोघं गेली.

मास्तरांनी दुकान उघडलं खरं, पण कात्रीला हात लावायचा धीर होईना. कोपऱ्यावर हॉर्न वाजला तेव्हा ते अनवाणीच बाहेर आले.

"मिळालं!" खिडकीतून बायको ओरडली आणि तिने गाडी लावली. एक चाक फुटपाथवर, तोंड भलत्याच दिशेला, शेपूट रस्त्यात.

मास्तर दोन पावलं पुढे झाले. थांबले. दोन्ही हात खिशात खोल घातले.

"छान लावलीस हं," ते म्हणाले.