भीड आणि व्हर्च्युअल मशीन

माझा स्वभाव तसा उतावळा. मनात आलेलं पोटात राहत नाही. पण एका गोष्टीत मी जवळजवळ वर्षभर तोंड मिटून बसलो, आणि त्याची रुखरुख अजून जात नाही.

मी साताऱ्यात आणि माझा मित्र शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला. दोघं मिळून गाणी आणि व्हिडिओ चालवणारा एक प्लेअर बनवतो. फुकट आहे, कोडही सगळ्यांना खुला. वापरणाऱ्याला त्यात आपल्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे प्लेअरला द्यायच्या सूचना, जोडता येतात, आणि त्या चालवायला प्लेअरच्या पोटात सॉफ्टवेअरचंच एक यंत्र लागतं, व्हर्च्युअल मशीन. आमचं होतं ते लहान. मित्राला जावास्क्रिप्ट चालवणारं मोठं हवं होतं, कारण प्रोग्रामिंगची ती भाषा पुष्कळांना येते. त्याचं काही चुकत नव्हतं. कामावरून आला की तो त्यालाच भिडायचा.

कुंडलला माझे मामा तालमीत वस्ताद आहेत. तिथल्या जुन्या संगणकावर ते पोरांना कुस्त्या दाखवतात, आमच्याच प्लेअरवर. बटण दाबलं की डाव मागं जाऊन सावकाश पुन्हा दिसावा, अशी स्क्रिप्ट मी त्यांना करून दिली होती. दिवाळीत गेलो तेव्हा मित्राचं अर्धंमुर्धं नवं मशीन तिथं घालून पाहिलं. ऐन डावात चित्र थबकायचं आणि एकदम पुढं जायचं. ते मशीन मधूनच आपली मेमरी आवरायला बसायचं, आणि त्या संगणकाला ते झेपत नव्हतं.

"हात कवा घातला त्येच दिसंना," मामा म्हणाले. "पैलं हुतं त्येच बरं हुतं की रं."

परतताना एसटीत मित्राला सांगायला चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. नीट मोजून, आकडे काढून मग सांगू, असं मनाशी म्हणत राहिलो. भीड भिकेची बहीण, हे मला शाळेपासून पाठ. तरी तो विचारायचा, कसं वाटतंय, आणि मी म्हणायचो, छान. पुढचे महिने कशात लक्ष लागेना. गॅसवर चहा ठेवून विसरायचो आणि बायकोवर खेकसायचो.

गणपतीत त्याचं काम पुरं झालं. मामांना दाखवायचं म्हणून तो हौसेनं निघाला, मलाही जावं लागलं. तालमीत त्यानं नवं मशीन घातलं आणि बटण दाबलं. चित्र थबकलं. त्यानं पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा.

"दिवाळीतबी असंच व्हत हुतं," मामा सहज बोलून गेले.

तो माझ्याकडं वळला. "तुला म्हाईत हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

तालमीच्या पायरीवर बसून त्यानं लॅपटॉप उघडला, स्वतःच्या हातानं नवं मशीन काढलं आणि जुनं परत बसवलं. डाव नीट दिसला. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तो अजून प्लेअरवर काम करतो, माझ्यापेक्षा जास्तच. फक्त काही नवं केलं की कसं वाटतंय हे आता मला विचारत नाही. मामांना फोन करतो.