ताईचं वाक्य मी मराठीत सांगितलं तेव्हा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, पण कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही — वर्गापासून करतो.

बाभुळगावात मी इंग्रजी बोलायला शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ताई माझ्याहून मोठी, अभ्यासात माझ्याहून हुशार. पण पुढे एकालाच शिकवणं जमणार होतं, म्हणून बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि मी शिकलो. भाऊजींचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्यावरची खोली त्यांनी मला वर्गासाठी दिली. भाड्याचा विषयही कधी काढला नाही. भाऊजी वाईट माणूस नाहीत — हे आधीच सांगून ठेवतो.

दुपारी दुकान शांत असलं की ताईही वर्गात येऊन बसायची. निर्णय कसा सांगावा, हा धडा मी फार मनापासून शिकवतो. आपली माणसं 'बघू', 'जमलं तर' असं मोघम बोलतात ना? मी म्हणायचो, आधी 'ठरवलं आहे' म्हणा, कारण मग सांगा. ताईचं उत्तर मात्र कायम एकच — यांना विचारून सांगते. सगळे हसायचे. तीही हसायची.

बॅच संपली की घरच्यांना बोलवायची आमची रीत. प्रत्येकाने उभं राहून आपला एक निर्णय इंग्रजीत सांगायचा, आणि घरच्यांना कळावा म्हणून मी तो मराठीत सांगायचा. कुणी गाडी शिकणार असे, कुणी तंबाखूचा खर्रा सोडणार असे.

त्या दिवशी सकाळी ताईने मला जिन्यात गाठलं. यवतमाळला नर्सिंगचा कोर्स करायचं तिने ठरवलं होतं. त्याला वयाची अट होती आणि तिचं ते शेवटचं वर्ष होतं. भाऊजींना सांगायला मात्र तोंड उघडत नव्हतं.

"मी इंग्रजीत म्हणीन, तू मराठीत सांगजो," ती म्हणाली. "तुयं ऐकतेत ते."

मी कबूल केलं.

ती उभी राहिली. नर्सिंगचं ठरवल्याचं तिने इंग्रजीत सांगितलं; वाक्य अगदी बरोबर होतं. भाऊजी पुढच्याच खुर्चीवर होते. हसत म्हणाले, "काय म्हणून राह्यली तुमची बहीण, सर? इंग्रजीत मले शिव्या तं नाही देऊन राह्यली?"

लोक हसले. आणि मी — मी म्हणालो, "ताईने दुकानाचं काम शिकायचं ठरवलंय."

का? खोली जाईल म्हणून. मीच तिला फूस लावली असं भाऊजींना वाटेल म्हणून. एवढंच. ते चिडलेच असते असंही नाही. कदाचित हो म्हणाले असते. त्यांना विचारायची वेळच मी येऊ दिली नाही.

भाऊजींचा चेहरा केवढा फुलला! उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझ्या विद्यार्थ्यांना खरं वाक्य कळलं असणार, पण सर चुकीचं सांगतात असं कोण म्हणणार? ताईने माझ्याकडे पाहिलं. भरल्या सभेत भावाला खोटं पाडणं तिला जमणार होतं का? ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कौतुकाने गल्ल्याजवळ तिच्यासाठी खुर्ची मांडली. प्रवेशाची मुदत निघून गेली. ताई, माझं चुकलं, असं मी एकदाही म्हणालो नाही. तिनेही कधी विचारलं नाही. माझ्यासाठी अजूनही अंबाडीची भाजी पाठवते. वर्गात मात्र परत आली नाही.

परवा दुकानात गेलो, तर भाऊजी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "इनं सोताच ठरवलं दुकान शिकाचं. भर वर्गात सांगतलं, इंग्रजीत." ताई फवारणीच्या औषधाची बाटली पिशवीत घालत होती. तिने मान वर केली नाही. गिऱ्हाइकाने माझ्याकडे वळून विचारलं, "खरं हाये काय, सर?"

मी हो म्हणालो.