दुखण्याला चिठ्ठी नव्हती

माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला, तेव्हा मी त्यांना पाचपैकी शून्य गुण दिले.

मी विज्ञानाचा मास्तर. धाकटी बहीण आशा नर्स. जर्मनीतल्या नोकरीसाठी तिला जर्मन भाषेची परीक्षा द्यायची होती. क्लास लावला होता; पण वर्गात बसून कधी भाषा येते का? (मी वीस वर्षं वर्गावरच पोट भरतोय, ते सोडा!) जीव वातावरणाशी जुळवून घेतो, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. म्हणून गोडादऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जर्मन वातावरण तयार केलं. मराठी, घरातली अहिराणी, बाजारातली गुजराती, सगळं बंद! दार, पंखा, भिंत, सगळ्यांवर जर्मन चिठ्ठ्या. शब्द आला नाही, तर चिठ्ठी काढून दाखवायची. आणि विज्ञान म्हणजे निरीक्षण, तेव्हा चिठ्ठी फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूला!

बाबांचा जन्म पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये नियम पाळण्यात गेलेला. पोरीचं भलं होतंय म्हटल्यावर त्यांनी तोंडच मिटलं.

त्या रविवारी आशा दूध आणायला गेली होती. बाबांनी पंख्याची चिठ्ठी आणून छातीवर दाबली.

"चूक!" मी म्हणालो. (जर्मनमध्ये!)

त्यांनी दाराची चिठ्ठी आणली. पुन्हा छातीवरच!

"चूक! पाचपैकी शून्य!"

वहीत नोंद केली: घाम फार, धाप लागते. कारण, शिकण्याचा ताण.

आशा आली. पिशवी हातातून पडली.

"बाबा, काय व्हयनं? छाती दुखी ऱ्हायनी का?"

"सकायपाईन," बाबा कसेबसे म्हणाले. सकाळपासून! "पन तुनी परीक्षा शे ना!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी वही पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आटलुं बधुं लख्युं, तो लाव्या केम नहीं?"

एवढं सगळं लिहिलंत, तर आणलं का नाहीत? मी वही मिटून खिशात घातली.

बाबा वाचले, पण हृदय आता निम्मंच चालतं. जिना चढवत नाही. आशा पास होऊन जर्मनीला गेली. मला अजून लाज वाटते.

चिठ्ठ्या मी सगळ्या फाडल्या, असं वाटलं होतं. परवा वर्गात पोरं मागून खिदळली, तेव्हा शर्ट काढून पाहिला. पाठीवर एक शिल्लक होती, सकाळी बाबांनी पाठ थोपटताना चिकटवलेली: जर्मनमधली 'भिंत'.

घरी येऊन त्यांना पाचपैकी पाच दिले.