घोडाझरीवरची सोंड

आभाळाकडे बघून पाऊस सांगणारी माणसं झाडीपट्टीत घरोघर सापडतील. पण पाण्याकडे बघत आभाळ खाली उतरायची वाट पाहणारा माणूस उभ्या चांदा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला नवरा म्हणून आला होता. आतोबांची धानाची शेती घोडाझरी तलावाच्या पाण्यावर पिकायची. तलाव म्हणजे टेकड्यांवरचं जंगल, एका अंगाला बांधलेली पाळ आणि मध्ये नजर थकेल एवढं पाणी. ऐन तारुण्यात एका दुपारी आतोबांनी या पाण्यावर सोंड उतरलेली पाहिली. सोंड म्हणजे ढगातून खाली लोंबत आलेला, भोवऱ्यासारखा गरगरणारा पाण्याचा खांब. जुनी माणसं म्हणत, इंद्राचा हत्ती पाणी प्यायला येतो. आतोबा बैल तिथेच सोडून गावात धावत गेले, चार माणसांना हाताला धरून घेऊन आले, तोवर तलाव परातीतल्या पाण्यासारखा निवांत झालेला. त्या चौघांतल्या एकाने पुढे होऊन आतोबांच्या तोंडाचा वास घेतला. मोहाच्या दारूला जन्मात न शिवलेल्या माणसाला तो वास घेणं फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, की सोंड पुन्हा उतरेल तेव्हा आपल्या शेजारी कोणीतरी उभं असलंच पाहिजे.

मी नागभीडच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि माझं हॉटेलातलं जेवण इतकं वाईट होतं, की सुट्टी आली की सायकल आपोआप आत्याच्या गावाकडे वळायची. तिथल्या लाखोळीच्या डाळीला आणि झिंग्यांच्या रश्शाला एकच पथ्य होतं. पानावर बसण्याआधी तलावावर जाऊन यावं लागे. पाहुणा कोणीही असो, त्याला यातून सुटका नव्हती. जमीन मोजायला आलेला एक अधिकारी कोऱ्या धोतरात आला आणि चिखलात एक जोडा ठेवून परतला, तरी आतोबांनी त्याला दारातून निरोप देताना सांगितलं, "पुढच्या खेपेस भादव्यात या साहेब. आता तुमचा टाइम चुकला." छत्री ते काखेत ठेवत, उघडत कधीच नसत, उघडली की आभाळ झाकतं. चुलतपुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि आतोबा मांडवाच्या कडेला मान वर करून उभे. भटजी श्वास घेण्यासाठी जरा थांबताच त्यांनी मूठभर अक्षता भिरकावल्या, त्यांचं बघून सगळ्या मांडवाने भिरकावल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि लग्न मुहूर्ताच्या आधीच लागलं. सासरची मंडळी तापली. आतोबा म्हणाले, "ढगाचं बूड सपाट होऊन राह्यलं होतं. मले वाटलं, घाईच करा लागन."

सोंड कधी आणि कुठे दिसते, याचं त्यांचं एक शास्त्रच होतं, आणि ते शिकवायला विद्यार्थी मिळत नसल्याने ते सगळं आत्याला ऐकावं लागे. झड लागून गेलेली असावी, मग दोन दिवस ऊन पडावं, पाणी हाताला कोमट लागावं. महिना भादवा, नाहीतर आश्विनाची सुरुवात. वेळ दुपारची. वारा असा पडलेला हवा, की पिंपळाचं पानही हलू नये. ढग गडगडणारा नको; तव्याच्या बुडासारखा काळा, खालून सपाट हवा. पाळीवर उभं राहू नये, कारण तिथून पाणी चमकतं आणि काही सुधरत नाही. उंबराजवळच्या उंचवट्यावर बसावं, म्हणजे समोरची टेकडी पाण्याच्या मागे येते आणि पांढरं काही उठलं तर उठून दिसतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वर बघू नये. "लोक वर पाह्यतेत, म्हणून चुकतेत," आतोबा म्हणायचे. "आधी पाण्यावर काळा डाग पडते. मंग त्याच्याभोवती फेसाचं कडं. सोंड त्याच्या मागून येते. अन् पाण्यात असलास तं तिच्या पुढं पुढं पळाचं नाई, आडवं निघाचं." आत्या धान पाखडता पाखडता म्हणे, "मी कायले जातो पाण्यात? मले इथीच बुडाले जागा आहे." ती रोज तलावावरून पाणी आणायची, पण उंचवट्यावर एकदाही चढली नव्हती. बाया तिला 'सोंडवाल्याची' म्हणत, आणि ते तिला खुपत असे.

त्या वर्षी भादव्यात आतोबांची दाढ सुजली. नागभीडला जाऊन ती उपटून घ्यावी, असं सगळे सांगत होते. पण ऐन मोसमात एक दुपारसुद्धा ते सोडायला तयार नव्हते. लवंग दाबून, गालाला गरम मिठाची पुरचुंडी लावून ते उंबराखाली बसत. शेवटी सूज डोळ्यापर्यंत चढली आणि आत्यानेच बंडी जुंपून घेतली. मी त्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा आतोबा गालावरून डोक्यावर दुपट्टा बांधून बंडीत बसले होते.

"मास्तर," ते अर्ध्या तोंडाने म्हणाले, "आज दिवस चांगला आहे. कोणी तरी बसाले पायजे."

"दिवस चांगला आहे तं दाढ काढून या," आत्या म्हणाली. "मले कामं नाई काय?"

बंडी गेली. आत्या सुपात तांदूळ घेऊन ओसरीत बसली, मी खाटेवर आडवा झालो. दुपार चढत गेली. एरवी या वेळी छपरावरची मातीची कवेलू तापून घर भट्टीसारखं होई, पण त्या दिवशी उजेड एकाएकी मळल्यासारखा झाला. आत्याचं सूप थांबलं. तिने अंगणातल्या पिंपळाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. तिने पुन्हा चार खडे वेचले, पुन्हा पाहिलं. मग ती उठून अंगणात गेली आणि दक्षिणेकडे बघत उभी राहिली.

"बूड सपाट आहे का रे?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"तुह्या डोक्याचं! ढगाचं रे!" तिने सूप ठेवून पदर खोचला. "चाल, पाहून येऊ. नाई गेलो तं आल्यावर मले खाईन तो माणूस."

उंचवट्यावर चढून ती धापा टाकत उंबराच्या मुळीवर टेकली. तलावात ढिवरांचे दोन भाऊ डोंग्यात उभे राहून जाळं ओढत होते. घाटावर बाया कपडे धूत होत्या. मी सवयीने वर बघितलं, तर आत्या खेकसली, "वर नाई, खाली पाह्य!" आणि तिने माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली. पाण्यावर एक डाग पडला होता, काळसर, कोणी शाई सांडावी तसा. त्याच्याभोवती फेसाचं कडं उठलं आणि फिरू लागलं. मग ढगातून एक राखाडी बोट खाली आलं, लांबलं, पातळ झालं, पुन्हा जाड झालं, आणि पाण्याला टेकलं. भर दुपारी, आमच्या डोळ्यांसमोर, आभाळ आणि घोडाझरी एकमेकांना धरून उभी राहिली. आवाज ऐकू आला तो नंतर. धान भरडायच्या गिरणीसारखा.

सोंड हळूहळू सरकत डोंग्याच्या दिशेने निघाली. ढिवरांनी ती पाहिली आणि जाळं तसंच ओढत, घाबरून सरळ पाळीकडे वल्हं मारायला सुरुवात केली. सोंड त्यांच्या मागोमाग. ते जितका जोर लावत, तितकी ती जवळ येत होती.

"आडवा!" आत्या ओरडली. माझ्या आत्याच्या पोटात एवढा आवाज असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. डोक्यावरचा पदर काढून तिने तो दोन्ही हातांनी हलवला. "पुढं पळू नोको रे! आडवा हाक! डोंगरीकडं! जाळं सोड!"

मीही ओरडू लागलो. घाटावरच्या बायाही. थोरल्या भावाने मागे वळून पाहिलं, जाळं टाकून दिलं आणि डोंगा टेकडीकडे फिरवला. सोंड त्यांच्या मागच्या पाण्यावरून निघून गेली. जाळं तिने उचललं, हवेत उघडलं आणि कुठल्या कुठे भिरकावलं. डोंग्यात निम्मं पाणी शिरलं, दोघं ओंजळींनी ते उपसत राहिले. पाळीजवळ पोचता पोचता सोंड मधेच तुटली. खालचा भाग पाण्यात बसला, वरचा ढगात ओढला गेला. टपटप चार थेंब पडले आणि सगळं संपलं. आत्याने पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि ती म्हणाली, "बाई गं! खरंच होतं की हे!"

संध्याकाळी बंडी परतली तेव्हा आतोबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातला प्रत्येक माणूस त्यांना एकाच वेळी सोंडेबद्दल सांगत होता, आणि आतोबांच्या तोंडात कापसाचा बोळा होता. आयुष्यभर ज्या प्रश्नांची तयारी केली, ते विचारायची घडी आली आणि डॉक्टरने बोलायला मनाई केलेली! ते हातांनी विचारत होते, केवढी? कुठून कुठे? कोणत्या अंगाने फिरत होती? लोक आपापल्या मनाने हात पसरत होते. ज्या म्हाताऱ्याने कधीकाळी त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता, तोही काठी टेकत आला होता, आणि सर्वांत उंच सोंड त्यानेच दाखवली. ढिवरांचे भाऊ एक मोठी मरळ घेऊन आले. थोरला आत्याच्या पाया पडला. "बाई, तुमी ओरडल्या नसत्या तं आमी गेलोच होतो."

आत्याने आतोबांकडे बोट केलं. "यायच्या पाया पड. मी फक्त वरडली. सांगितलेलं सगळं यायचं आहे."

आतोबांना राहवलं नाही. त्यांनी बोळा काढला. "आधी डाग पडला होता?" त्यांनी आत्याला विचारलं.

"पडला होता."

"मंग कडं?"

"मंग कडं. मंग सोंड. तुमी म्हनता तशीच, अवो. तिळभर फरक नाई."

ते खाटेवर बसले आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी उंबराखाली मी भीतभीत म्हणालो, "नेमके तुम्हीच नव्हतात हो." ते हसले. सूज उतरलेला त्यांचा चेहरा मला एकदम तरुण वाटला. "मले वाईट नाई वाटून राह्यलं, मास्तर. एकट्याले दिसलेलं फार जड असते. काल सगळ्याईनं मिळून ते उचललं. आता हलकं वाटते."

मला पुढे बदली मिळाली, राज्यं बदलली, जिल्हा मुंबई राज्यात गेला. आतोबांना सोंड पुन्हा दिसली नाही. शेवटचा गेलो तेव्हा त्यांची नजर अधू झाली होती, आणि भादव्यातल्या दुपारी आत्या त्यांना हाताला धरून उंचवट्यावर नेत असे. मी मागून चढत गेलो, पण जवळ गेलो नाही. पाण्यावर काही नव्हतं. आत्या त्यांना ते 'काही नाही' कसं दिसतं, हे सावकाश सांगत होती. टेकडीची सावली कुठवर आली, बगळे कुठे बसले, ढिवरांचा डोंगा कोणत्या अंगाला आहे. आतोबा मान डोलवत ऐकत होते. घरात धान पडलं होतं, चूल पेटायची होती, आणि जन्मभर हाताला विसावा न देणारी माझी आत्या दोन्ही हात मांडीवर मोकळे टाकून पाण्याकडे बघत बसली होती.