गुळाच्या कढईत भाजलेली माती

"चौथ्या वाफ्यात काय घातलंत?" साहेबांनी विचारलं.

तीन वाफ्यांतली जंबेरीची रोपं वीतभरही नव्हती, वर पिवळी. चौथ्यातली गुडघ्याला लागत होती. जंबेरी म्हणजे ज्यावर मोसंबीचा डोळा बांधतात तो खुंट. खुंट गेले की देवळाली प्रवरा गावच्या बागाईतदारांची कलमं गेली, आणि सरकारी रोपवाटिकेतली माझी टेंपररी नोकरीही. स्वातंत्र्याच्या आदल्या सालातली गोष्ट.

खरं उत्तर होतं, "काहीच नाही."

मूळकूज नको म्हणून सगळी माती भाजून घ्या, अशी साहेबांची ऑर्डर होती. एवढी माती भाजायला भांडं कुठलं? शेजारच्या बापूरावांच्या गुऱ्हाळाची कढई आणली. तीन वाफ्यांपुरती माती भाजून झाली आणि बापूरावांचा ऊस तोडणीला आला. कढई परत गेली. चौथा वाफा मी कच्च्याच मातीने भरला आणि 'चारही भाजले' असं कळवून टाकलं.

आता बापूरावांसकट चार बागाईतदार भोवती उभे असताना म्हणालो, "सर, आधी कढईला गुळाचा राप होता. चौथ्या वेळी घासून घेतली."

साहेबांना पटलं. बापूरावांना नाही.

"भाऊसाहेब, माझ्या कढईत गूळ पिवळाधमक निगतो. तुमची रोपं बी पिवळीच निगाली. मग कढईचं चुकलं कुठं?"

मी हसण्यावारी नेलं. मग चौथ्या वाफ्यातली माती घमेल्याने उचलून, विरजण लावावं तशी, बाकीच्या तिन्हींत मिसळली. का, ते मलाही सांगता आलं नसतं. पावसाळा सरेपर्यंत रोपं हिरवी झाली. कलमं उशिरा मिळाली, पण मिळाली. नोकरी टिकली. कढईची बदनामीही टिकली. गिऱ्हाइकं गुळाची ढेप उचलताना विचारायची, "बापूराव, कढई घासली का?"

पुष्कळ वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये उलगडा झाला. मुळांशी एक उपकारी बुरशी राहते. तिचे तंतू केसाहून बारीक. मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ते ओढून आणतात आणि मजुरी म्हणून झाडाकडून साखर घेतात. आमच्याकडच्या मुरमाड, हलक्या मातीत मोसंबीच्या जातीचं तिच्यावाचून भागत नाही. ती आम्ही भाजून मारली होती.

मी थेट बापूरावांकडे गेलो. सगळं सांगितलं.

"म्हंजी कढई साफ हुती?"

"होती."

"आन माती?"

"तीही."

"मग घान कुठं हुती?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मला सांगून काय उपेग? बोललात चारचौघांत, आता बी चारचौघांतच सांगा."

'सांगतो' म्हणालो आणि सांगितलं नाही. बापूराव गेले. कढई त्यांच्या नातवाकडे आहे. ती स्वच्छ होती.

माती भाजण्याआधी तिच्यात कोण राहतं ते विचारावं. आणि कारण ठाऊक नसेल तर शेजाऱ्याच्या भांड्यावर ढकलू नये.